रीलमधले लाल टोपीवाले थॉमस सांकारा: दुष्काळानं होरपळलेल्या देशात त्यांनी आरोग्यव्यवस्था कशी उभी केली आणि ती कुठे ढासळली?

इन्स्टाग्रामवर तुम्ही त्यांना कधी ना कधी पाहिलं असेल. लष्करी गणवेश, डोक्यावर लाल बेरे टोपी, कमरेला पिस्तूल आणि चेहऱ्यावर हसू. मागे दणदणीत म्युझिक आणि स्क्रीनवर एकामागोमाग एक ओळी: सरकारी मर्सिडीज विकून टाकल्या, एक कोटी झाडं लावली, आठवडाभरात २५ लाख मुलांना लस दिली. आणि शेवटची ओळ ठरलेली, जिवलग मित्रानंच घात केला.

यातलं बरंचसं खरं आहे, थोडं फुगवलेलं आहे आणि काही चक्क चुकीचं आहे. पण ३० सेकंदांच्या रीलमध्ये एक गोष्ट कधीच येत नाही. झाडं, विहिरी, चूल आणि लस ही थॉमस सांकारा यांच्यासाठी चार वेगवेगळी खाती नव्हती. पाऊस वारंवार दगा देतो, उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो, वाळवंट दारात येऊन उभं राहतं, अशा देशात माणसं जगवायची कशी, या एकाच प्रश्नाची ती चार उत्तरं होती.

हवामान बदलाला तोंड देऊ शकेल अशी आरोग्यव्यवस्था आफ्रिकेत कशी उभारायची, यावर आज मोठमोठ्या परिषदा होतात. सांकारांच्या काळात ही भाषाच नव्हती. त्यांच्यासमोर होता फक्त दुष्काळ आणि गोवर.

पोलिसाचा मुलगा, पाद्री व्हायचा होता

थॉमस सांकारा यांचा जन्म २१ डिसेंबर १९४९ चा. गाव याको. पश्चिम आफ्रिकेतला हा भाग तेव्हा फ्रान्सची वसाहत होता आणि त्याचं नाव होतं अपर व्होल्टा. चारही बाजूंनी जमीन, समुद्र कुठेच नाही. उत्तरेला सहारा वाळवंटाला चिकटलेला कोरडा पट्टा, ज्याला साहेल म्हणतात, आणि दक्षिणेला त्यातल्या त्यात हिरवा प्रदेश. लोकांचं मुख्य अन्न ज्वारी-बाजरी. आपल्या मराठवाड्यातल्या किंवा माणदेशातल्या माणसाला तिथली शेतं फार परकी वाटणार नाहीत.

वडील वसाहतीच्या पोलीस दलात, त्यामुळे घर इतरांपेक्षा बरं आणि बदल्या ठरलेल्या. थॉमसचं बरंच बालपण नैऋत्येकडच्या गाओआ गावात गेलं. घरचं वातावरण कॅथलिक, मुलानं पाद्री व्हावं अशी आई-वडिलांची इच्छा. मुलानं मात्र बोबो-दियुलासो शहरात शाळा केली आणि १७ व्या वर्षाच्या आसपास राजधानी वागादुगूच्या लष्करी शाळेत नाव घातलं.

पुढे १९७० मध्ये अधिकारी होण्याच्या प्रशिक्षणासाठी त्यांना मादागास्करला पाठवण्यात आलं. तिथे दोन गोष्टी घडल्या. १९७२ मध्ये विद्यार्थी आणि कामगारांच्या उठावानं तिथलं सरकार पडलेलं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. दुसरी गोष्ट रीलमध्ये येत नाही, पण आपल्यासाठी तीच महत्त्वाची. प्रशिक्षण संपल्यावर ते आणखी एक वर्ष तिथे राहिले आणि ग्रामीण विकासाचं काम करणाऱ्या लष्करी तुकड्यांसोबत वावरले. सैनिकाच्या हातात कुदळही असू शकते, हे ते तिथे शिकले.

ते मायदेशी परतले तेव्हा साहेलमध्ये दुष्काळ होता. १९६८ पासून पाऊस कमी होत गेला होता आणि १९७२-७३ मध्ये तर सगळा पट्टाच कोलमडला. गुरं मेली, कोठारं रिकामी झाली, लोक दक्षिणेकडे चालत निघाले. दुष्काळात माणसं फक्त भुकेनं मरत नाहीत. भुकेलेलं मूल गोवरानं मरतं, जुलाबानं मरतं. ज्या आजारातून धडधाकट पोर आठवड्याभरात बाहेर येतं, तो आजार कुपोषित पोराला घेऊन जातो. दुष्काळ आणि साथ हे तिथे जोडीनंच येतात.

सायकलवरून येणारा मंत्री

यानंतरची दहा वर्षं भराभर सांगता येतील. १९७४ मध्ये शेजारच्या मालीशी सीमेवर चकमकी झाल्या, त्यात सांकारांचं नाव झालं. १९७६ मध्ये ते पो या गावातल्या कमांडो प्रशिक्षण केंद्राचे प्रमुख झाले. तिथे ते एका बँडमध्ये गिटार वाजवायचे. त्याच सुमारास त्यांची ब्लेझ कोंपाओरे या तरुण अधिकाऱ्याशी दोस्ती झाली. हे नाव लक्षात ठेवा.

देशात लष्करी बंडांची रांग लागली होती. १९८१ मध्ये एका लष्करी सरकारनं सांकारांना माहिती खात्याचं मंत्रिपद दिलं. बैठकीला ते सायकलवरून गेले आणि काही महिन्यांत राजीनामा देऊन मोकळे झाले. नोव्हेंबर १९८२ मध्ये पुन्हा बंड झालं आणि राष्ट्राध्यक्ष झाले जाँ-बाप्तिस्त वेद्रागो. हे गृहस्थ लष्करातले बालरोगतज्ज्ञ. त्यांनी जानेवारी १९८३ मध्ये सांकारांना पंतप्रधान केलं, पण मे महिन्यात सांकारांना अटक झाली. लोक रस्त्यावर उतरले. ४ ऑगस्ट १९८३ च्या रात्री कोंपाओरे पोहून कमांडो घेऊन राजधानीत आले आणि सत्ता उलथली. सांकारा राष्ट्रप्रमुख झाले तेव्हा त्यांचं वय होतं ३३.

वर्षभरानं त्यांनी देशाचं नाव बदललं. बुर्किना फासो. दोन स्थानिक भाषांतले शब्द जोडून केलेलं हे नाव, अर्थ साधारण ताठ मानेनं जगणाऱ्या माणसांची भूमी असा.

नाव झकास होतं. हातात काय होतं? जवळपास ८० लाख लोकांचा, जगातल्या सगळ्यात गरीब देशांपैकी एक. ऑक्टोबर १९८४ मध्ये संयुक्त राष्ट्रांपुढे बोलताना सांकारांनी स्वतःच आपल्या देशाची कुंडली मांडली होती: ५० हजार माणसांमागे एक डॉक्टर, सरासरी आयुर्मान ४० च्या घरात, शाळेत जाणारी मुलं १०० पैकी १६. पाचव्या वाढदिवसाआधी दगावणाऱ्या मुलांचं प्रमाण पाचात एकाहून जास्त होतं.

आणि पावसानं पुन्हा पाठ फिरवली होती. १९८४ हे साहेलच्या नोंदीतल्या सर्वांत कोरड्या वर्षांपैकी एक. टीव्हीवर इथिओपियातली उपासमार दिसत होती, बुर्किनाची उत्तर सीमाही त्याच कोरड्या पट्ट्यात होती.

धुळीचा वारा आणि तीन साथी

पुढची गोष्ट कळण्यासाठी तिथलं ऋतुचक्र समजून घ्यायला हवं.

बुर्किनात पाऊस साधारण जून ते सप्टेंबर. मग सगळं कोरडं. डिसेंबरच्या आसपास सहाराकडून हरमाटान नावाचा वारा सुटतो. कोरडा, धुळीनं भरलेला. ओठ फुटतात, घसा सोलवटतो. याच काळात मेनिंजायटिसची, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या तापाची साथ येते. सेनेगलपासून इथिओपियापर्यंत एक अख्खा पट्टा आहे, त्याला मेनिंजायटिस पट्टाच म्हणतात. कोरड्या हवेनं आणि धुळीनं नाका-घशाचं अस्तर दुखावतं आणि तिथे गप्प बसलेल्या जिवाणूला आत शिरायला वाट मिळते, असं समजलं जातं. पहिला पाऊस पडला की साथ ओसरते. हवामान आणि आजार यांचं इतकं उघड नातं जगात फार थोड्या ठिकाणी दिसतं.

गोवराचीही तिथे हीच वेळ, कोरडा हंगाम. त्यात पीतज्वर म्हणजे यलो फीवर, जो डासांमुळे पसरतो. १९८३ मध्ये त्याची साथ येऊन गेली होती.

म्हणजे सरकारकडे मोकळा वेळ होता पाऊस संपल्यापासून धूळ सुरू होईपर्यंतचा. रस्ते वाळलेले, पीक निघालेलं, साथ अजून यायची आहे. सांकारांनी नेमकी हीच फट पकडली.

नोव्हेंबर १९८४ च्या शेवटी मोहीम सुरू झाली. नाव होतं व्हॅक्सिनेशन कमांडो. गोवर, मेनिंजायटिस आणि पीतज्वर अशा तीन लसी, आणि लक्ष्य होतं देशातली साधारण १४ वर्षांपर्यंतची मुलं. असं काम वर्षानुवर्षं हळूहळू करायचं असतं, इतक्या घाईत नाही, असं बाहेरच्या अनेक तज्ज्ञांचं मत होतं. त्यात तथ्यही होतं. लस थंड ठेवावी लागते. वीज नसलेल्या हजारो गावांमध्ये बर्फाच्या पेट्या वेळेत पोचवायच्या कशा?

सांकारांनी सगळा देश कामाला लावला. सैनिक, शिक्षक, विद्यार्थी, गावोगावच्या क्रांती समित्या. रेडिओवरून दिवसरात्र घोषणा. ट्रक, मोटारसायकली, जे मिळेल ते वाहन. साधारण दोन आठवडे हे चाललं. रीलमध्ये सांगतात तसं एका आठवड्यात नाही, पण दोन आठवडेही थक्क करणारेच. सुमारे २५ लाख मुलांना लस मिळाली असा आकडा सर्रास दिला जातो. तो थोडा कमी धरला तरी ८० लाख लोकांच्या देशात हे काम केवढं मोठं होतं, याचा अंदाज येईल.

त्यानंतरच्या कोरड्या हंगामात दरवर्षी येणारी गोवर-मेनिंजायटिसची मोठी लाट आली नाही. आधी शंका घेणाऱ्या संस्थांनीही या मोहिमेची दखल घेतली.

गाव तिथे आरोग्य चौकी

लस ही एकदाची धाव होती. रोजच्या तापाचं, बाळंतपणाचं काय?

ऑक्टोबर १९८४ ते डिसेंबर १९८५ असा १५ महिन्यांचा लोकविकास कार्यक्रम राबवला गेला. छोटी धरणं, विहिरी, शाळा आणि प्रत्येक गावात एक प्राथमिक आरोग्य चौकी. गावकऱ्यांनी मातीच्या विटा थापायच्या, भिंती उभारायच्या, गावातूनच एक आरोग्यसेवक आणि एक सुईण निवडायची, सरकारनं त्यांना थोडकं प्रशिक्षण आणि औषधांची पेटी द्यायची. सुमारे सात हजार गावांत अशा चौक्या उभ्या राहिल्या.

ही कल्पना सांकारांची एकट्याची नव्हती, आणि इथे एक धागा थेट अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जामखेडपर्यंत येतो. गावातल्याच बाईला शिकवून आरोग्यसेविका करण्याचा डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांचा प्रयोग १९७० मध्ये सुरू झाला. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं जगभरातल्या अशा प्रयोगांचं पुस्तक काढलं, त्यात जामखेड होतं. याच विचारातून १९७८ ची अल्मा-आटा परिषद आणि प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा आला. बुर्किनातल्या चौक्या त्याच विचाराच्या वाटेवरच्या.

फरक होता तो वेगाचा. जामखेडमध्ये एकेका गावाचा विश्वास कमवायला वर्षं लागली. सांकारांना १५ महिन्यांत सात हजार गावं हवी होती.

चूल, बकरी आणि झाड

आता झाडांकडे येऊ.

एप्रिल १९८५ मध्ये सांकारांनी तीन लढाया जाहीर केल्या: जंगल पेटवण्याविरुद्ध, बेसुमार लाकूडतोडीविरुद्ध आणि मोकाट जनावरांविरुद्ध. लग्न असो, बारसं असो की पाहुण्यांचा दौरा, झाड लावायचं. प्रत्येक गावानं स्वतःची राई तयार करायची. १५ महिन्यांत एक कोटी रोपं लावली गेली. त्यातली किती जगली हा वेगळा प्रश्न. आपल्याकडे दर पावसाळ्यात होणारे वृक्षारोपणाचे फोटो पाहिलेल्या माणसाला तो पडणारच.

मला स्वतःला यातला सगळ्यात हुशार भाग वाटतो तो चुलीचा. बुर्किनात जवळपास सगळा स्वयंपाक लाकडावर, तीन दगडांच्या चुलीवर व्हायचा. शिवाय ज्वारीपासून तिथे दोलो नावाची बिअर करतात. ती बायका तासन्‌तास उकळवतात आणि त्यात लाकूड प्रचंड जळतं. सरकारनं सुधारित चुलींचा प्रचार केला. लाकूड कमी लागलं म्हणजे झाड वाचलं, बाईची सरपणाची पायपीट वाचली आणि घरातला धूरही कमी झाला. धूर कमी म्हणजे मुलांचा खोकला कमी. म्हटलं तर हे वनखात्याचं काम, म्हटलं तर आरोग्यखात्याचं.

फेब्रुवारी १९८६ मध्ये पॅरिसच्या वनपरिषदेत सांकारांनी झाडांचा प्रश्न हा राजकीय प्रश्न आहे, अशी मांडणी केली. लुटीची अर्थव्यवस्था आणि उजाड होणारी जमीन यांचा संबंध त्यांनी थेट जोडला.

त्यांचं निदान मात्र अर्धंच होतं. साहेल कोरडा का पडला, याचं तेव्हाचं लोकप्रिय उत्तर होतं की लोकांनी झाडं तोडली आणि गुरांनी गवत खाल्लं. पुढच्या संशोधनातून दिसलं की पाऊस हटण्यामागे समुद्राच्या पाण्याचं बदललेलं तापमान हे मोठं कारण होतं. त्यात श्रीमंत देशांतल्या कारखान्यांच्या धुराचाही वाटा असावा. म्हणजे ज्या फुलानी पशुपालकांचं जगणंच फिरस्तीचं, त्यांच्यावर मोकाट जनावरांचा नियम लादून जो दोष दिला गेला, त्यातला मोठा हिस्सा त्यांचा नव्हताच.

रील न सांगणाऱ्या गोष्टी

सांकारांनी निवडणूक कधीच घेतली नाही. विरोधी पक्ष नव्हते, कामगार संघटनांवर दडपण होतं. जून १९८४ मध्ये कटाच्या आरोपाखाली सात जणांना गोळ्या घालण्यात आल्या. गावोगावच्या क्रांती समित्यांनी लसीकरणात जीव ओतला हे खरं, पण त्यातल्याच काहींच्या हातात बंदुका होत्या आणि त्यांनी लोकांवर दादागिरीही केली. १९८४ मध्ये संप केला म्हणून जवळपास १,४०० शिक्षकांना काढून टाकलं आणि त्यांच्या जागी घाईघाईत तयार केलेले तरुण नेमले. शिक्षणाचं त्यात नुकसान झालं.

काही दावेही तपासून घ्यायला हवेत. मुलींच्या जननांगछेदनावर सांकारांनी बंदी घातली असं सगळीकडे लिहिलेलं असतं. त्यांनी त्याविरुद्ध जोरात प्रचार केला, पण बंदीचा कायदा आला १९९६ मध्ये. माणसांना आंधळं करणारा रिव्हर ब्लाइंडनेस त्यांनी संपवला, असंही म्हणतात. त्याविरुद्धची आंतरराष्ट्रीय मोहीम १९७४ पासूनच सुरू होती, मुख्यालयही वागादुगूत होतं. त्यांच्या सरकारचा त्याला पाठिंबा होता, पण श्रेय एकट्याचं नाही.

मर्सिडीजचं मात्र खरं आहे. त्याऐवजी रेनो फाइव्ह ही छोटी गाडी मंत्र्यांना दिली गेली. सरकारी नोकरांनी देशी सुती कापड घालावं यासाठी आग्रह धरला गेला. आणि आठवड्यातून दोनदा सामूहिक व्यायाम, सोमवारी आणि गुरुवारी.

गुरुवारची संध्याकाळ

जुलै १९८७ मध्ये आदिस अबाबाला आफ्रिकी नेत्यांच्या परिषदेत सांकारांनी परदेशी कर्ज फेडायलाच एकत्रितपणे नकार द्या, असं आवाहन केलं. एकट्या बुर्किनानं नकार दिला तर पुढच्या परिषदेला आपण नसू, असंही त्यांनी हसत हसत सूचित केलं होतं.

१५ ऑक्टोबर १९८७ हा गुरुवार होता, व्यायामाचा दिवस. राजधानीतल्या सरकारी आवारात बैठकीला आलेले सांकारा खेळाच्या कपड्यांत होते. दुपारी चारच्या सुमारास सैनिकांची एक तुकडी आत घुसली. सांकारा आणि त्यांच्यासोबतचे १२ जण गोळ्यांनी मारले गेले. रात्रीच्या अंधारात शहराच्या कडेला एका कब्रस्तानात त्यांना घाईनं पुरलं. सत्ता ब्लेझ कोंपाओरे यांच्याकडे गेली.

गोळ्यांनी चाळण झालेल्या या ३७ वर्षांच्या माणसाच्या मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिलं होतं: नैसर्गिक मृत्यू. दाखला दिला होता लष्करातल्या एका डॉक्टरनं.

चौक्यांचं पुढे काय झालं?

सांकारा गेल्यावर सात हजार चौक्या एका रात्रीत बंद पडल्या नाहीत. त्या हळूहळू ओसाड झाल्या. आरोग्यसेवकाला पगार नव्हता, गावानं त्याला सांभाळायचं होतं. औषधांची पेटी रिकामी झाली की भरणारं कुणी नव्हतं. वर देखरेख करणारी माणसं कमी होती. खरं तर ही दुबळी बाजू ते हयात असतानाच होती. १९९१ नंतर नाणेनिधी आणि जागतिक बँकेच्या अटींनुसार अर्थव्यवस्थेची फेररचना सुरू झाली आणि सरकारी दवाखान्यात रुग्णानं पैसे मोजायची पद्धत रुळली.

लसीचीही एक अडचण होती, ती राजकीय नव्हती. १९८४ ची मेनिंजायटिसची लस जुन्या पद्धतीची. तिचं संरक्षण काही वर्षांतच ओसरायचं आणि अगदी लहान बाळांवर ती नीट चालायची नाही. शिवाय दरवर्षी नवी मुलं जन्मतात, त्यांना दोन आठवड्यांच्या मोहिमेचा काय उपयोग? १९९६-९७ मध्ये मेनिंजायटिस पट्ट्यात इतिहासातली सगळ्यात मोठी साथ आली. अडीच लाखांहून जास्त रुग्ण, सुमारे २५ हजार मृत्यू. बुर्किना त्यात होरपळून निघाला.

त्या साथीनंतर आफ्रिकी देशांनी स्वस्त आणि टिकाऊ लस मागितली. मोठ्या कंपन्यांना त्यात नफा दिसत नव्हता. शेवटी जागतिक आरोग्य संघटना आणि पाथ या संस्थेच्या प्रकल्पातून ती बनवली पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटनं. नाव मेनअफ्रिव्हॅक, किंमत अर्ध्या डॉलरच्या आत. ६ डिसेंबर २०१० ला ती देशभर द्यायला सुरुवात झाली, तो देश होता बुर्किना फासो. पुन्हा धुळीच्या वाऱ्याच्या तोंडावर, पुन्हा १० दिवसांची धडाकेबाज मोहीम. या वेळी १ ते २९ वयाच्या १.१ कोटी लोकांना लस मिळाली. तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते ब्लेझ कोंपाओरे.

पुढे २०१२ मध्ये या लसीला आणखी एक परवानगी मिळाली. ४० अंशांपर्यंतच्या उन्हातही ती चार दिवस फ्रिजबाहेर ठेवता येते. १९८४ मध्ये बर्फाच्या पेट्या घेऊन धावणाऱ्यांना हे ऐकून काय वाटलं असतं! मेनिंजायटिसचा तो 'ए' प्रकार या पट्ट्यातून आता जवळपास नाहीसा झाला आहे.

सगळ्या बाजू अशा सुधारल्या नाहीत. १ सप्टेंबर २००९ ला वागादुगूत काही तासांत २६३ मिलिमीटर पाऊस कोसळला. दीड लाख लोकांना फटका बसला आणि देशातल्या सर्वांत मोठ्या याल्गादो रुग्णालयात पाणी शिरलं, रुग्णांना हलवावं लागलं. दुष्काळाची सवय असलेल्या शहरानं असा पाऊस पाहिलाच नव्हता. एप्रिल २०१६ पासून पाच वर्षांखालची मुलं आणि गरोदर बायकांना मोफत उपचार सुरू झाले. पण त्याच सुमारास उत्तरेत जिहादी हिंसाचार वाढला. आज २० लाखांहून जास्त लोक विस्थापित आहेत, शेकडो आरोग्य केंद्रं बंद आहेत. ३० सप्टेंबर २०२२ ला बंड करून आलेले कॅप्टन इब्राहिम त्राओरे तेव्हा ३४ वर्षांचे होते. तीच लाल टोपी, तोंडी सांकारांचं नाव. तुमच्या फीडवर हे रील अचानक वाढले, त्याचं एक कारण हे.

दाखल्यापासून निकालापर्यंत

कोंपाओरे २७ वर्षं सत्तेवर राहिले. ऑक्टोबर २०१४ मध्ये लोकांनी त्यांना पळवून लावलं. त्या गर्दीत सांकारांचे टी-शर्ट घातलेली पोरं होती, त्यांच्यातल्या कित्येकांचा जन्मही १९८७ नंतरचा. मे २०१५ मध्ये कबर उकरली गेली. ६ एप्रिल २०२२ ला लष्करी न्यायालयानं कोंपाओरे यांना त्यांच्या गैरहजेरीत जन्मठेप सुनावली. ते शेजारच्या आयव्हरी कोस्टमध्ये आश्रयाला आहेत.

२३ फेब्रुवारी २०२३ ला सांकारा आणि त्यांच्या १२ साथीदारांना, जिथे गोळ्या घातल्या गेल्या त्याच जागी पुन्हा दफन करण्यात आलं. त्यावरची समाधी मे २०२५ मध्ये खुली झाली. तिचे वास्तुरचनाकार आहेत फ्रान्सिस केरे, बुर्किनातल्याच गांदो गावचे. घानाच्या सीमेजवळ लेओ नावाच्या गावात याच केरे यांनी शस्त्रक्रियेचा दवाखाना बांधला आहे. दाबलेल्या मातीच्या विटांच्या जाड भिंती उन्हाची धग आत येऊ देत नाहीत आणि भिंतींपासून बरंच पुढे आलेलं छप्पर ऊन-पाऊस दोन्ही अडवतं.